तेलाच्या फर्नेसची काजळी घरभर पसरली तर काय करावे

ऐन थंडीत एखाद्या सकाळी जिना उतरून खाली यावे, तर पांढऱ्या छताच्या कोपऱ्यांत रात्रीतून काळी जळमटे लोंबू लागलेली असतात, दिव्यांच्या बटणांभोवती करडी झाक आलेली असते आणि घरात डिझेलसारखा उग्र वास भरलेला असतो. ही जळमटे कोळ्याची नसतात. तेल अर्धवट जळून तयार झालेल्या काजळीचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या बारीक साखळ्या होतात आणि हवा जिथे थबकते तिथे त्या लटकून राहतात. अशा वेळी हात आपोआप ओल्या फडक्याकडे जातो. तो तिथेच आवरावा, कारण पुढच्या नुकसानीपैकी बरेचसे काजळीमुळे नव्हे, तर ती घाईने पुसल्यामुळे होते.

अमेरिकेत घरगुती हीटिंग ऑइलचा बहुतेक खप ईशान्येकडच्या राज्यांत होतो. या तेलावर तापणाऱ्या घरांचे प्रमाण मेनमध्ये सर्वाधिक आहे, पण मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातही तळघरात 275 गॅलनची टाकी असलेली जुनी घरे भरपूर आहेत. बोस्टनच्या आसपास किंवा मध्य न्यू जर्सीत आपल्यापैकी अनेकांनी घेतलेले पहिले घर याच प्रकारचे असते. आधीची वर्षे गॅसवर किंवा विजेवर तापणाऱ्या अपार्टमेंटमध्ये गेलेली असल्यामुळे तेलाच्या फर्नेसची, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या या भट्टीची, खोड कोणालाच ठाऊक नसते. आमचेही तसेच झाले होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

काजळी का धरते हे समजायला आपल्याकडचे काजळ आठवावे. एरंडेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर तांब्याचे भांडे उपडे धरले की ज्योतीला हवा कमी पडते, तेलातला कार्बन पूर्ण जळत नाही आणि थंड धातूवर मऊ काळा थर साचतो. फर्नेसमध्ये पंप तेलाला दाब देतो, नोझल त्याचा धुक्यासारखा फवारा करतो, पंखा हवा पुरवतो आणि दोन इलेक्ट्रोडमधली ठिणगी तो फवारा पेटवते. नोझल झिजला किंवा त्यात कचरा अडकला, हवा कमी पडली, धुरांडे चोंदले किंवा ठिणगी उशिरा पडली, की तेच काजळ मोठ्या प्रमाणावर तयार होते. ठिणगी उशिरा पडण्याचा प्रकार सर्वांत वाईट, कारण तोवर चेंबरमध्ये जास्तीचे तेल साचलेले असते. ते एकदम पेटते आणि लहानसा स्फोट होऊन सगळी काजळी धुराच्या नळीच्या सांध्यांतून उलटी घरात फेकली जाते. याला पफबॅक म्हणतात. कधी दणका ऐकू येतो, तर कधी आठवडाभर बारीक फुसफुस चालू असते आणि कोणाच्याच लक्षात येत नाही.

यात माणसाच्या हातून होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे लाल रीसेट बटण पुन्हा पुन्हा दाबणे. ज्योत पेटली नाही तर फर्नेसचा कंट्रोल काही सेकंद वाट पाहून, म्हणजे जातीनुसार 15 ते 45 सेकंदांनी, तेल बंद करतो. त्यानंतर बटण दाबले की तेवढे सेकंद पुन्हा तेल फवारले जाते. तासाला एक गॅलन सोडणारा नोझल 45 सेकंदांत सुमारे 47 मिलिलिटर तेल सोडतो. म्हणजे चार वेळा बटण दाबले तर चेंबरमध्ये वाटीभर तेल साचते आणि पाचव्या वेळी ते पेटते. नव्या कंट्रोलमध्ये काही प्रयत्नांनंतर बटण निकामी होण्याची सोय असते, पण जुन्या घरात तिच्यावर विसंबू नये. बटण एकदाच दाबावे. फर्नेस चालू झाली नाही किंवा चालू होऊन धडधडू लागली, तर ती बंद करून तेल कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.

आता पहिल्या तासाविषयी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजत असेल, कोणाचे डोके दुखत असेल, मळमळत असेल किंवा कुठेही ज्वाळा दिसत असेल, तर काही बंद करण्याच्या किंवा उचलण्याच्या फंदात न पडता सर्वांनी बाहेर पडून 911 ला फोन करावा. या वायूला वास नसतो, त्यामुळे डिझेलचा वास कमी झाला म्हणजे धोका टळला असे समजू नये. मॅसॅच्युसेट्समध्ये इंधन जाळणारे उपकरण असलेल्या घराच्या प्रत्येक मजल्यावर हा अलार्म बसवणे 2006 पासून सक्तीचे आहे. 2005 च्या जानेवारीत प्लिमथ येथे हिमवादळात बर्फाने धुराची बाहेरची वाट बुजली आणि सात वर्षांची मुलगी दगावली, त्यानंतर हा कायदा झाला. बर्फ पडल्यावर अंगणातली वाट साफ करताना भिंतीतून बाहेर येणारी धुराची नळीही मोकळी करावी.

असा तातडीचा धोका नसेल तर फर्नेसचा मुख्य स्विच बंद करावा. तो बहुधा तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी असतो आणि त्याची पट्टी लाल असते. घर घेतल्याच्या दिवशीच तो घरातल्या प्रत्येकाला, देशातून राहायला आलेल्या आईवडिलांनाही, दाखवून ठेवावा. हवेच्या फर्नेसमध्ये, म्हणजे जी डक्टमधून (हवेच्या नळ्यांतून) खोल्यांत गरम हवा सोडते तिच्यात, थर्मोस्टॅटवरचा पंखाही बंद आहे ना हे पाहावे, कारण तो चालू राहिला तर काजळी डक्टमधून प्रत्येक खोलीत पोहोचते. छताचे पंखे लावू नयेत. हवा खेळती करण्यासाठी थोडा वेळ एक-दोन खिडक्या उघडायला हरकत नाही, पण जोराचा झोत येऊ देऊ नये. खाली बसलेली काजळी उडाली की ती सोफ्यात आणि गाद्यांत जाऊन बसते.

जानेवारीत फर्नेस बंद म्हणजे पाण्याचे नळ गोठण्याची भीती आलीच. विजेचे हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावावेत, एक्स्टेन्शन कॉर्डवर नव्हे. सिंकखालची कपाटे उघडी ठेवावीत आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेले नळ थेंब थेंब चालू ठेवावेत. रात्री घर सोडावे लागले तर पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळ रिकामे करावेत. घर ऊबदार ठेवण्यासाठी गॅसची शेगडी किंवा कोळसा पेटवू नये.

दमेकरी, लहान मुले, गरोदर बाई आणि वृद्ध माणसे यांना नातेवाइकांकडे किंवा हॉटेलात पाठवावे. ही काजळी अतिशय बारीक असते आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाते. धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचा संबंध पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यविशारदाने 1775 मध्येच काजळीशी जोडला होता. एका आठवड्याच्या सफाईने कोणाला कर्करोग होईल असे सुचवायचे नाही, पण एन-95 मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे घातल्याशिवाय या कामाला हात लावू नये.

आमच्या घरी पफबॅक झाला तेव्हा जेवणघराच्या भिंतीवर ओल्या फडक्याचा एकच हात फिरला. करडी झाक जाण्याऐवजी भिंतीवर एक काळाभोर अर्धगोल उमटला, बोटांचे चार फराटे त्यात स्पष्ट दिसत होते, आणि मॅट रंगाच्या बारीक छिद्रांत तेल मुरल्यामुळे तो पुढे कशानेही निघाला नाही. बाकीची भिंत कोरडी ठेवली होती, ती स्वच्छ निघाली. त्या अर्धगोलावर साध्या रंगाचे दोन हात दिले, तरी आठ दिवसांत तो पुन्हा वर आला. चुलीच्या काजळीची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना दोन्ही काजळ्या सारख्याच वाटतात, पण ही तेलकट असते आणि पाणी किंवा हाताचा घाम लागला की डाग होऊन बसते.

पुसायला सुरुवात करण्यापूर्वी फोटो घ्यावेत, आणि भरपूर घ्यावेत. प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, छत, हवेच्या जाळ्या, कपाटांच्या आतल्या बाजू आणि फर्नेसभोवतीची फरशी यांचे फोटो हवेत. उजेडात करडी भिंत फोटोत पांढरीच दिसते, म्हणून भिंतीवरची एखादी तसबीर अलगद उचलून तिच्यामागची स्वच्छ चौकट टिपावी. आजूबाजूचा करडेपणा त्या चौकटीमुळे जितका स्पष्ट होतो तितका कशानेच होत नाही. आमच्या ॲडजस्टरने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने नुकसान तपासणाऱ्या माणसाने, हाच फोटो सर्वांत जास्त वेळ पाहिला.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. घराच्या बहुतेक पॉलिसींमध्ये अचानक आणि अपघाताने झालेले नुकसान भरून मिळते. अनेक महिने हळूहळू साचलेली काजळी किंवा देखभालीतली हयगय बहुधा नाकारली जाते. म्हणून फोनवर बोलताना सैल शब्द वापरू नयेत. ‘बरेच दिवस थोडा वास येतच होता’ असे सहज बोलून गेलेले वाक्य नोंदीत जाते. खोटे बोलायचे नाही, पण अंदाजही सांगायचे नाहीत: काय दिसले, कधी दिसले आणि काय बंद केले एवढेच सांगावे. दरवर्षीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या इथे सोन्याच्या मोलाच्या ठरतात. फर्नेसची दुरुस्ती सहसा आपल्याच खिशातून करावी लागते, मात्र सफाई, रंगकाम, कपडे, सामान आणि घर राहण्याजोगे नसेल तर बाहेर राहण्याचा वाढीव खर्च मागता येतो. नुकसान आणखी वाढू न देण्याची जबाबदारी पॉलिसीने आपल्यावर टाकलेली असते, म्हणून झाकपाक करायला ॲडजस्टरची वाट पाहू नये, पण त्याने पाहण्याआधी काहीही फेकू नये. कंपनीने नुकसानीचे शपथपत्र मागितले तर ते देण्याची मुदत बहुतेक पॉलिसींत 60 दिवसांची असते.

सामानाची यादी करताना आपल्या वस्तूंचे मोल आपल्यालाच समजावून द्यावे लागते. पैठणी म्हणजे काय हे ॲडजस्टरला ठाऊक नसते. तो ‘स्त्रियांचे कपडे’ या सदरात ती टाकून देतो. खरेदीची पावती, दुकानाचे सध्याचे दर, लग्नातले फोटो, जे असेल ते जोडावे. दारावर लगेच हजर होणाऱ्या सफाई कंपनीने पुढे केलेला कागदही सावकाश वाचावा. विम्याचे पैसे थेट त्या कंपनीला मिळण्याचा हक्क आपण त्यात लिहून देत नाही ना, हे पाहिल्याशिवाय सही करू नये. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकाला लेखी कळवावे, कारण भिंती त्याच्या विम्यात येतात आणि आपले सामान आपल्याच भाडेकरू-पॉलिसीत.

भिंतींच्या आधी फर्नेस दुरुस्त व्हायला हवी. हा क्रम उलटा झाला तर स्वच्छ भिंती आठ दिवसांत पुन्हा काळ्या होतात. टेक्निशियनला दोष काय होता हे लेखी मागावे, आणि बदललेला नोझल व इलेक्ट्रोड झिपच्या पिशवीत घालून तारीख लिहून ठेवावेत. सर्व्हिसिंग नुकतेच झालेले असेल तर जबाबदारी कोणाची हा प्रश्न पुढे निघतो, आणि तेव्हा हे तुकडेच बोलतात. हवेच्या फर्नेसमध्ये हीट एक्सचेंजरला, म्हणजे धूर आणि घरातली हवा वेगळी ठेवणाऱ्या धातूच्या भिंतीला, तडा गेलेला नाही ना, हे तपासायला मुद्दाम सांगावे. तडा असेल तर धूर थेट श्वासाच्या हवेत मिसळतो, आणि अशी फर्नेस पुन्हा चालू करायची नसते. धुरांडे आणि त्याच्या तळाशी साचलेली काजळीही काढून घ्यावी.

शेवटी धुराची चाचणी समोर उभे राहून पाहावी. टेक्निशियन हातपंपाने दहा वेळा ओढून नळीतला धूर पांढऱ्या गाळणकागदातून खेचतो आणि कागदावर उमटलेल्या ठिपक्याची 0 ते 9 अशा छापील पट्टीशी तुलना करतो. ठिपका 0 च्या जवळ, म्हणजे दिसेल न दिसेल इतका हवा. कागद करडा आला तर काम पुरे झालेले नाही. हे न करता नुसता नोझल बदलून ‘आता ठीक आहे’ म्हणणाऱ्याला नम्रपणे थांबवावे आणि तो कागद मागावा.

घरात बॉयलर आणि गरम पाण्याचे रेडिएटर असतील तर डक्टचा प्रश्न नसतो आणि काजळी बहुधा तळघराजवळच्या खोल्यांत जास्त असते. हवेची फर्नेस असेल तर मात्र डक्टची सफाई आधी आणि भिंती नंतर. डक्ट साफ करणाऱ्यांची नाडका ही संघटना आहे आणि धूर-आगीच्या सफाईचे प्रशिक्षण आयआयसीआरसी ही संस्था प्रमाणित करते. माणूस ठरवताना या दोन्ही नावांची चौकशी करावी. उन्हाळ्यातला एसी त्याच डक्टवर असेल तर त्याच्या कॉइलवरही काजळी बसलेली असते. ती राहिली तर जूनमध्ये पहिल्यांदा एसी लावल्यावर वास परत येतो. माझे मत असे की काजळी एक-दोन खोल्यांपुरती असेल तर सफाई घरच्या घरी करावी, पण डक्टमधून सगळ्या घरात गेली असेल तर ती व्यावसायिकांवरच सोपवावी.

स्वतः करायचे झाल्यास आधी कोरडे काम. सामान स्वच्छ चादरींनी झाकावे, जाण्यायेण्याच्या वाटेवर प्लॅस्टिक अंथरावे आणि बूट खोलीच्या दारातच काढावेत. अतिशय बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमचे तोंड पृष्ठभागापासून अर्धा इंच वर धरून सैल काजळी ओढून घ्यावी. साधा व्हॅक्यूम तीच काजळी मागच्या बाजूने खोलीत सोडतो, आणि फिरता ब्रश ती गालिच्यात रगडतो. मग काजळीचा कोरडा स्पंज घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी ही रबराची जाड वडी असते आणि खोडरबर जसे पेन्सिल उचलते तशी ती काजळी उचलते. छतापासून सुरुवात करून वरून खाली एकाच दिशेने, एकाला एक लागून, सरळ पट्टे ओढावेत. पाटी पुसल्यासारखे मागेपुढे चोळू नये. स्पंजची बाजू काळी झाली की ती फिरवावी, सगळ्या बाजू संपल्या की वरचा काळा थर सुरीने कापून टाकावा आणि आतल्या स्वच्छ रबराने पुढे जावे. स्पंज कधीही भिजवू नये, भिजला की तो निकामी होतो. आम्हाला एका खोलीला चार-पाच वड्या लागल्या.

स्पंजवर काहीच येईनासे झाले की मग पाणी. कोमट पाण्यात तेल काढणारा साबण किंवा टीएसपी (ट्रायसोडियम फॉस्फेट ही धुण्याची पूड) घालून, हातमोजे घालून, भिंत खालून वर धुवावी, कारण वरून ओघळलेले काळे पाणी कोरड्या भागावर पडले तर त्याच्या रेघा राहतात. लगेच स्वच्छ पाण्याने पुसून कोरडी करावी आणि बादलीतले पाणी वरचेवर बदलावे. स्वयंपाकघर याला अपवाद आहे. तिथे वर्षानुवर्षांच्या फोडण्यांचा तेलकट थर भिंतीवर आणि कपाटांवर असतो, काजळी त्यात रुतते आणि कोरडा स्पंज नुसताच घसरतो. तिथे व्हॅक्यूमनंतर थेट साबणाकडे वळावे. 1978 पूर्वीच्या घरात रंगात शिसे असू शकते, म्हणून घासकागद लावू नये. खडबडीत ‘पॉपकॉर्न’ छतात किंवा जुन्या पाइपांच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस असू शकतो, त्यामुळे त्याची तपासणी होईपर्यंत त्याला हात लावू नये.

कपडे घाईने धुण्याच्या मशिनमध्ये टाकू नयेत. आधी बाहेर नेऊन हलकेच झटकावेत, मग रोजचे सुती कपडे जास्त साबणात धुवावेत आणि डाग पूर्ण गेल्याची खात्री झाल्याशिवाय ड्रायरमध्ये घालू नयेत. रेशमी साड्या, शालू आणि लोकरीचे कोट धूर-आगीचे कपडे हाताळणाऱ्या ड्रायक्लीनरकडेच द्यावेत. काजळी किंचित आम्लधर्मी असते आणि जरीतली चांदी तिने काळवंडते, म्हणून जरीची साडी घडीवर घडी तशीच कपाटात ठेवू नये. देवघरातली चांदीची आणि पितळेची भांडी कोरड्या मऊ कापडाने टिपून मग धुवावीत. संगणक, टीव्ही, मिक्सर यांच्या आत काजळी गेली असेल तर ते चालू करू नयेत, आधी साफ करून घ्यावेत. उघड्यावरचे अन्न, झाकण नसलेले मसाले आणि पिशवीतले पीठ टाकून द्यावे. घट्ट झाकणाचे डबे बाहेरून धुऊन वापरता येतात.

वास घालवण्यासाठी उदबत्ती, धूप किंवा सुवासिक मेणबत्त्या लावू नयेत. त्यांचीही काजळी धरते, आणि मग नव्याने दिसलेला काळेपणा फर्नेसचा की धुपाचा हे सांगता येत नाही. तेवढे दिवस देवापुढची समईही एखाद-दुसऱ्या वातीवर ठेवावी. सफाई कंपनी ओझोन यंत्र लावणार असेल तर माणसे, पाळीव प्राणी आणि झाडे पूर्ण वेळ घराबाहेर हवीत.

रंगाची घाई करू नये. फर्नेस पुन्हा चालू झाल्यावर प्रत्येक खोलीतल्या हवेच्या जाळीवर पातळ पांढऱ्या मलमलीचा तुकडा चिकटपट्टीने लावावा आणि त्यावर तारीख लिहावी. चार दिवसांनी तो काढून दुसरा लावावा. आमचा पहिला तुकडा करडा निघाला, तो डक्टमधल्या उरल्यासुरल्या काजळीचा होता. दुसरा फिकट होता आणि तिसरा पांढराच राहिला. दुसराही पहिल्याइतकाच काळा आला असता, तर टेक्निशियनला परत बोलवावे लागले असते. तिन्ही तुकडे क्लेमच्या फायलीत ठेवले. तिसरा तुकडा पांढरा आल्यावरच डाग दाबणारा शेलॅकचा प्रायमर त्या अर्धगोलावर लावला, त्यावर रंगाचे दोन हात दिले, आणि तो पुन्हा वर आला नाही.